तुळसाचा अर्धा दिवस

आरोंद्याच्या खाडीकाठी बाबल शेटांचा काजूचा कारखाना निघाला, तेव्हा पहिल्या दिवशी कामाला गेलेल्या बायांत तुळसा होती. त्यांतल्या बऱ्याचशा पुढे घरी बसल्या. कुणाला सुना आल्या, कुणाला कंटाळा आला. तुळसा राहिली. तिचा नवरा हरिश्चंद्र गलबतावर होता. नारळी पौर्णिमा झाली की तो निघायचा, मलबारची कौलं आणि नारळ वाहत फिरायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतायचा. घरात सासू राधाबाई आणि तिची देवपूजा. तुळसाला मूल झालं नाही. राधाबाईने त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही, आणि तुळसाला तेच जास्त लागायचं.

कारखान्यात मात्र तिला माणसं होती. बी फोडायची लांबलचक पडवी, शेणाने सारवलेली, आणि तीत रांगेने बसलेल्या बाया. प्रत्येकीच्या पुढ्यात एक दगड, हातात लाकडी मोगर, बोटांना राख चोपडलेली. राख नसली तर काजूच्या तेलाने कातडी सोलून निघते. टकटक चालू आणि तोंडंही चालू. कुणाची सासू, कुणाचा दीर, कुठल्या जत्रेत कुणाला काय सापडलं, सगळं तिथे फुटायचं. तुळसाच्या शेजारी सुगंधा बसायची. ती वैभववाडीकडून लग्न होऊन आलेली, घाटाच्या पायथ्याची; खाडी बघून आधी घाबरायची, पण माणसाला कधी घाबरली नाही. तुळसाहून दहा-बारा वर्षांनी लहान. मुकादम लवू वजनात हात मारायला लागला की सगळ्या बाया मान खाली घालायच्या आणि सुगंधा म्हणायची, "लवूदादा, तागडी सरळ धर, वारो नाय आसा." मग लवूही हसायचा आणि तागडी सरळ व्हायची.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्याला दिवस बरे आले. पलीकडच्या काठावरून होड्या भरभरून बी यायला लागली. शेटांनी भाजायची आणखी एक भट्टी घातली, पडवीच्या पश्चिमेला. सकाळी वारा डोंगराकडून असतो, तेव्हा धूर खाडीवर जायचा. दुपारी समुद्राचा वारा सुटला की तोच धूर वळून सरळ पडवीत शिरायचा. काजूचा धूर म्हणजे चुलीचा धूर नव्हे. तो डोळ्यांत जातो, घशात बसतो, लुगड्यातून धुऊन निघत नाही. बाया खोकायच्या, पदर नाकाला लावायच्या आणि पुन्हा मोगर उचलायच्या. तुळसाला मात्र पदराने भागेना. आधी संध्याकाळी घरी जाताना घाटीच्या चढावर दम लागायला लागला, मग पाणी भरताना, मग नुसतं बोलताना. छातीत शिट्टी वाजायची. सुगंधाने एका रविवारी तिला ओढून शिरोड्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"काम सोडता येईल का?" त्यांनी विचारलं.

तुळसा म्हणाली, "नाही."

"घरी अडचण आहे?"

अडचण होतीच, हरिश्चंद्राच्या पगारात राधाबाईचं औषधपाणी निघायचं आणि उरायचं ते थोडंच. पण तुळसाच्या मनात आलं ते वेगळंच: त्या घरात दिवसभर. तिने नुसती होकाराची मान हलवली.

"मग निदान दुपारचं तरी करू नका," डॉक्टर म्हणाले. "धूर येतो तेव्हा तिथे बसायचंच नाही. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस आराम. नाहीतर पुढच्या वर्षी मी काही करू शकणार नाही."

बाहेर येऊन तुळसा म्हणाली, "अर्दो दिस कोण देतलो माका?" सुगंधा म्हणाली, "इचारल्याबगर कसो देतलो?"

आणि दुसऱ्या दिवशी तीच तिला शेटांच्या खोलीत घेऊन गेली. फोडणाऱ्या बाया त्या खोलीची पायरी कधी चढत नसत. बाबल शेट वाईट माणूस नव्हते असं गावात सगळेच म्हणायचे. देवळाला कौलं त्यांनीच दिली होती. ते चहा पीत होते. दोघींना बघून त्यांनी कपबशी खाली ठेवली.

सुगंधा म्हणाली, "शेटानू, हिचो दम कोंडता. भट्टेचो धूर हिका सोसना नाय. डॉक्टरान सांगल्यान हा, सकाळीच काय ता काम कर, दुपारी नको."

"अर्दो दिस?" शेट म्हणाले. "अर्द्या दिसाची बायल मी हजेरीपटात कशी लिवू?"

"लिवू नकात," सुगंधा पटकन म्हणाली. "पटात नसली तर काय होता? बी वजनार फोडता ती. फोडीत तितकी मोजा आनी तितके पैशे देवा."

शेटांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग तुळसाकडे बघून म्हणाले, "इतकी वर्सा काम केलंस तू. बरा. सकाळची ये."

पायऱ्या उतरताना तुळसाला रडू आलं. सुगंधा तिला म्हणाली, "रडतंस कित्या? तेच्या बापाशीचा काय गेला?"

हजेरीपटातून नाव गेलं, म्हणजे वर्षाची भरपगारी रजा गेली, दिवाळीची बक्षिशी गेली. तुळसाला त्याचं काही वाटलं नाही. सकाळी ती लवकर येऊन बसायची, दुपारची घंटा झाली की हात धुवून घरी जायची. महिन्याभरात शिट्टी कमी झाली. दोन महिन्यांत ती पुन्हा हसायला लागली. दुपारी तिचा दगड रिकामा राहायचा, म्हणून लवूने तिथे विमला नावाची एक नवी पोर आणून बसवली, तीही अर्ध्याच दिवसासाठी, तीही पटाबाहेर.

आणि इथे शेटांच्या एक गोष्ट लक्षात आली. दिवसभर बसलेली बाई दुपारनंतर ढिली पडते, तिचा हात चुकतो, गराचे तुकडे होतात. तुळसा सकाळी ताज्या हाताने फोडायची, विमला दुपारी ताज्या हाताने. त्या एका दगडावर इतर कुठल्याही दगडापेक्षा जास्त बी फुटत होती, अख्खे गर जास्त निघत होते, आणि दोघींतल्या एकीलाही रजा नव्हती, बक्षिशी नव्हती, बाळंतपणाचा पगार नव्हता. शेटांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. ते वर्षभर थांबले.

पुढची दिवाळी झाली आणि एका सकाळी शेट स्वतः पडवीत आले. मोगर थांबले. लवूने त्यांच्यासाठी खुर्ची आणली; ते बसले नाहीत.

"तुमचे सगळ्यांचे डोळे बघतंय मी," ते म्हणाले. "धुराचो तरास माका कळता. म्हणान ठरवलंय, आता कोणी पुरो दिस बसूचा नाय. अर्ध्या बायो सकाळी, अर्ध्यो दुपारी. अंगाक इसावो गावतलो, घरचा काम होतला." मग ते तुळसाकडे वळले. "तुळसा, उठ गो. सांग बघूया सगळ्यांका. अर्दो दिस काम करूक लागल्यापासून तुका कसा वाटता?"

तुळसा उठून उभी राहिली. सगळी पडवी तिच्याकडे बघत होती. शेटांनी आपल्याला वाचवलं हे तिच्या मनात होतं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही एकच होतं.

"बरा वाटता," ती म्हणाली.

"धाप?"

"कमी आसा."

"ऐकलास?" शेट म्हणाले, आणि निघून गेले.

लवूने नावं वाचली. अर्ध्या दिवसाच्या बाया पटात राहणार नाहीत हे त्याने शेवटी सांगितलं, खालच्या आवाजात, जणू विसरलेली एखादी बाब. कायद्यात काय लिहिलंय ते त्या बायांतल्या एकीलाही माहीत नव्हतं. शेट सांगतील तोच कायदा. सुगंधाचं नाव दुपारच्या बायांत होतं. विमलाला दुसरीकडे बसवलं आणि सुगंधाला तुळसाच्याच दगडावर.

सुगंधाला तेव्हा आठवा महिना होता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिवस राहिले होते, आणि बाळंतपणाच्या पगारी रजेवर तिने सगळा हिशेब बांधला होता; नवरा दत्ताराम दुसऱ्याची भातशेती करायचा, त्याच्या हाती पावसाळा सोडून काही नसायचं.

त्या दुपारी तुळसा घरी गेली नाही. ती एकटीच शेटांच्या पायऱ्या चढली.

"शेटानू, सुगंधा दोन जीवांची आसा," ती म्हणाली. "तिका पटात ठेवा. आनी दुपारी बसव नकात. दुपारचो धूर तिका नको."

शेट शांतपणे म्हणाले, "तुज्यासाटी नियम मोडलंय तेव्हा तुका गोड लागला. आता तोच नियम सगळ्यांका झालो तर कडू कित्या? तुका अर्दो दिस नको झालो आसात तर सांग. उद्यापासून पुरो दिस ये. मगे तिचा बघूया."

"मी पुरो दिस इलंय तर तिका पटात ठेवतलास?"

"बघूया म्हटलंय मी."

खिडकीतून भट्टी दिसत होती. वारा फिरला होता, धूर पडवीकडे वळत होता. तुळसाच्या छातीत नुसत्या बघण्यानेच काहीतरी आवळलं.

"माका जमाचा नाय," ती म्हणाली.

"मगे जा."

बाहेर सुगंधा दाराशीच उभी होती. तुळसाने तिला जसं झालं तसं सांगितलं, आपलं शेवटचं वाक्यही लपवलं नाही. सुगंधाने ऐकून घेतलं.

"नाय जमाचा तुका," ती म्हणाली. "माका ठावक आसा." आणि पडवीत जाऊन दगडाशी बसली. त्या दिवसापासून ती तुळसाशी बोलायची थांबली.

भांडण झालं असतं तर बरं, असं तुळसाला वाटायचं. भांडणात ती म्हणू शकली असती, की पटात लिहू नका हे शेटांना मी नाही सांगितलं, तू सांगितलंस. ते शब्द तिच्या तोंडाशी कितीदा आले असतील. पण ते आठवले की लगेच हेही आठवायचं की सुगंधा ते बोलली ती आपल्यासाठीच. मग ती गप्प बसायची. रोज दुपारच्या घंटेला दोघी पडवीच्या दारात समोरासमोर यायच्या. तुळसा बाजूला व्हायची, सुगंधा पोट सांभाळत आत जायची. इतर बायाही तुळसाशी पूर्वीसारख्या बोलत नव्हत्या. टोमणा कुणी मारला नाही. फक्त ती आली की गोष्ट मध्येच थांबायची. धाप नव्हती, श्वास मोकळा होता, आणि सकाळच्या सकाळ ती एक शब्द न बोलता बी फोडत बसायची.

सुगंधाने शेवटच्या आठवड्यापर्यंत काम केलं. मुलगी झाली. बारसं झालं आणि ती पोरीला घेऊन कामावर हजर. कारखान्यामागच्या उंडीच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधली, पोरीला त्यात घातलं. धूर तिथपर्यंत जायचा नाही, पण पोरीचं रडणं पडवीत यायचं. सुगंधा मोगर टाकून धावायची, पाजून परत यायची, बसते न बसते तोच पुन्हा रडणं. संध्याकाळी तिच्या टोपलीत निम्मीच बी असायची आणि लवू म्हणायचा, "सुगंधा, ह्या वजनान शेट तुका ठेवचो नाय. माका बोल लागता."

हे तुळसाने दुसऱ्या बायांकडून अर्धंमुर्धं ऐकलं. एका दुपारी घंटा झाली तरी ती निघाली नाही. नळावर हात धूत रेंगाळली. पोर रडली, सुगंधा बाहेर गेली, आणि तुळसा आत येऊन आपल्याच दगडाशी बसली. सुगंधाच्या टोपलीतली बी फोडायला लागली.

सुगंधा परत आली आणि समोर उभी राहिली. "उठ," ती म्हणाली.

"एवडी ओंजळ फोडतंय आनी उठतंय."

सुगंधाने टोपली जवळ ओढली. शेजारी बसून फोडलेल्या बीचे गर निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग रोजच. आधी पोर रडेल तेवढाच वेळ, मग तासभर, मग संध्याकाळपर्यंत. बी तुळसा फोडायची, वजन सुगंधाच्या नावाने व्हायचं. यात तुळसाचं काही फार मोठं मन होतं असं नाही. तिला सुगंधाशेजारी बसायचं होतं. आज ना उद्या ती काहीतरी बोलेल, लवूला एखादा टोला हाणून आपल्याकडे बघून हसेल, एवढ्यासाठी ती त्या धुरात बसत होती. सुगंधा बोलायची ती इतकंच: "राख दी," "टोपली हय सरकव." मदत तिने घेतली, कारण घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माफ मात्र केलं नाही.

शिट्टी परत आली. राधाबाईने ती ऐकली आणि पूजा थांबवून म्हणाली, "कोणासाटी मरतंस गो?"

लवूच्या ते आधीपासूनच लक्षात आलं होतं. काही दिवस त्याने दुर्लक्ष केलं, मग भीतीने शेटांच्या कानावर घातलं. शेट दुपारचे पडवीत आले तेव्हा तुळसा मोगर हातात घेऊन खोकत होती.

"ह्या बरा आसा," शेट म्हणाले. "सकाळी दमेकरी आनी दुपारी कामकरी. डॉक्टराचा नाव सांगान अर्दो दिस घेतलंस, मी दिलंय. आता दुसऱ्याच्या टोपलेत पुरो दिस बी फोडतंस. म्हणजे तब्येत बरी आसा मां तुजी?"

तुळसा उत्तर द्यायला गेली आणि खोकल्याने तिला बोलू दिलं नाही.

"बरी आसा तर उद्यापासून पुरो दिस ये. दुपारी एक बायल माका कमीच आसा. नायतर येव नको." मग सुगंधाकडे वळून म्हणाले, "आनी तुजा वजन तुजा तू भर."

पडवीत तीसेक बाया होत्या. साऱ्या आपापल्या दगडाकडे बघत होत्या. सुगंधाही.

तुळसा दुसऱ्या दिवशी पुरा दिवस आली. पडवीत ज्या बायांना पुरा दिवस हवा होता त्यांना अर्धा मिळत होता, आणि पुरा दिवस बसवलेली बाई ती एकटीच, तीही पटाबाहेर. सकाळी आपल्या दगडाशी, दुपारी भट्टीच्या बाजूच्या दगडाशी, जिथे दुसरं कुणी बसायला तयार नसायचं. ती का गेली, असं पुढे कुणी विचारलं तर सांगणं कठीण आहे. घरी बसायची भीती होती. शेटांना दाखवून द्यायचं होतं, असंही असेल. शिमगा येईपर्यंत तिने काढलं. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मोगर तिच्या हातातून सुटला आणि ती बसल्या जागी कुशीवर झाली. ओठ निळे पडले होते. दोघी बायांनी तिला धरून घरी पोचवलं. सुगंधा उठली नाही. तिची पोर झोळीत होती आणि टोपली अर्धीही भरली नव्हती.

हरिश्चंद्र पावसाच्या आधी घरी आला. अंगणात बसलेली बायको त्याने आधी ओळखली नाही. तीन महिने तो तिच्याजवळ बसून राहिला, जाळी विणत, तिला गरम पाणी देत. मुंबईच्या इस्पितळात नेऊ म्हणाला, पण नेणं झालं नाही. नारळी पौर्णिमा झाली आणि तो गलबतावर गेला.

चतुर्थीचे गणपती गेल्यावर सुगंधा आली. पोर कडेवर, हातात सुके बांगडे पानात गुंडाळलेले. राधाबाईने तिला पाट दिला आणि आत निघून गेली. सुगंधा बराच वेळ पोरीचे केस सारखे करत बसली.

"कसा आसा?" तिने विचारलं.

"आसा."

"त्या दिसा शेटान उभा करून इचारल्यान, तेव्हा तू गप रवाक व्हया होतंस," सुगंधा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पुष्कळ दिवस मनात ठेवलेली गोष्ट खाली ठेवावी तशी ती बोलली.

"इचारल्यान ता सांगलंय. बरा वाटा होता माका."

"ता खराच होता. म्हणानच राग येता." पोर तुळसाकडे झेपावत होती, सुगंधाने तिला घट्ट धरली, मग सोडली. तुळसाने पोरीला घेतलं नाही, खोकला येईल म्हणून. नुसतं तिच्या पायाला बोट लावलं.

"पडवीत कोण कोण आसा आता?"

"नवी चेडवा इली हत. तेंका वाटता कारखानो पयल्यापासून असोच आसा. अर्दो दिस, अर्दे पैशे. पट म्हणजे काय, ताय तेंका ठावक नाय."

तुळसा श्वास जुळवत थोडी थांबली. मग म्हणाली, "सुगंधा, सोलूच्या खोलीत धूर नसता. गराची साल काढूक ताकद लागना नाय. शेटाक इचारशीत? अर्दो दिस नको तर तासभर. बसान रवान माका..." पुढचं तिला बोलता आलं नाही.

सोलायच्या खोलीत पहिल्यापासून शेटांच्या भावकीतल्या पोरी बसायच्या, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"इचारतंय," सुगंधा म्हणाली. तिने पोरीला उचललं, पदर सारखा केला, आणि दुपारच्या कामाची वेळ झाली म्हणून निघाली. अंगणाच्या टोकाला तिने एकदा वळून बघितलं.

तिने विचारलं आणि शेट नाही म्हणाले, की विचारलंच नाही, हे तुळसाला कधी कळलं नाही. सुगंधा पुन्हा आली नाही, आणि तुळसानेही कुणाच्या हाती निरोप पाठवला नाही.